वाऱ्याला वाट हवी

वैशाख सरत आला की किनाऱ्यावरच्या घराघरांतून पावसाळ्यापूर्वीची लगबग सुरू होते. कौले चाळली जातात, जळाऊ लाकूड आत येते, मिरची, आमसुले, मीठ यांच्या पुरुमेंताची बेगमी होते, ओट्याच्या पावसाकडील बाजूला झाप लागतात. या यादीत कुंपणाचे स्थान शेवटचे. कित्येक घरी तर ते यादीतच नसते. वादळ येऊन जावे, कुंपण आडवे व्हावे आणि मग गवंड्याला बोलावणे जावे, असा आता रिवाजच पडला आहे. गवंडी येतो, पडलेल्या भिंतीकडे पाहतो आणि पहिला प्रश्न विचारतो, “आहे तेवढीच बांधायची की आणखी फूटभर वर न्यायची?” बहुतेक घरधनी ती फूटभर वर न्यायला सांगतात. आजच्या लेखाचा विषय तो फूटभर आहे.

राज्यापुढे एवढे मोठमोठे प्रश्न उभे असताना वृत्तपत्राने आपली जागा एखाद्याच्या परसातील कुंपणासाठी खर्च करावी काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, मोठे प्रश्न सोडवण्यासाठी विधानसभा आहे. कुंपणाचा प्रश्न मात्र ज्याचा त्यानेच सोडवायचा असतो, आणि तो चुकीचा सुटला तर त्याची किंमत बहुधा दुसऱ्यालाच मोजावी लागते. शिवाय आता हा प्रश्न पूर्वीसारखा क्वचित उद्भवणारा राहिलेला नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ आले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ श्रीवर्धन-अलिबागच्या किनाऱ्यावर आदळले आणि रायगड, दापोलीकडील नारळी-पोफळीच्या बागा त्याने झोपवल्या. पुढल्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ आपल्या किनाऱ्याला घासून गुजरातेकडे गेले आणि जाता जाता गोव्यातील शेकडो झाडे, विजेचे खांब आणि घरांची छपरे त्याने लोळवली. अरबी समुद्र तापत चालला आहे आणि गेल्या काही दशकांत त्यावर उठणारी वादळे वाढली आहेत, असे हवामानशास्त्रज्ञ सांगतात. तेव्हा पडलेले कुंपण पुन्हा कसे उभारावे, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला आयुष्यात एकदा नव्हे, अनेकदा पडणार आहे.

आपल्या पूर्वजांना तो दरवर्षीच पडत असे. कुंपणाला तेव्हा वई म्हणत. कोकणी बोलीत आजही वंय म्हणतात. खरीपाचे भात घरी आले, गुरे मोकळी सुटली आणि वायंगणाची तयारी सुरू झाली की शेताला काटेरी फांद्यांची वई घातली जाई. घराभोवतीची वई मात्र जिवंत असे. मृगाच्या आगेमागे शेर, मोगली एरंड, पांगारा, भेंड यांच्या फांद्या तोडून मातीत रोवायच्या आणि पुढचे काम पावसावर सोपवायचे. खाडीच्या काठाला केवडा, समुद्राजवळच्या वाळूत कोयनेल, माळरानाच्या कडेला घायपात आणि निवडुंग, ओलसर जागी अडुळसा आणि निर्गुडी. निर्गुडीला आणि अडुळशाला शेळी तोंड लावत नाही, हे पाहूनच ती झाडे कुंपणासाठी निवडली होती. जेथे चिरा मुबलक, तेथे गडगा रचीत. तोही चुन्याशिवाय, दगडावर दगड ठेवून. त्याला बांबूच्या आडव्या दांड्यांचे बेडे असे. गुरे अडत आणि माणसे सहज आत येत.

या कुंपणांना ‘मागासलेली’ ठरवून आपण ती कधी काढून टाकली, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. पण ती काढली गेली, यात शंका नाही. प्रथम काटेरी तार आली. १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडन यांनी अमेरिकेतील इलिनॉयच्या गवताळ, झाडे विरळ असलेल्या सपाटीवर तिचे पेटंट घेतले होते. तेथे कुंपणासाठी ना पुरेसे लाकूड होते ना दगड. म्हणून तेथे ती वरदान ठरली. आपल्याकडे लाकूड, दगड आणि वेली सर्व काही असताना आपण ती उचलली, आणि खाऱ्या वाऱ्याने ती खाल्ली. मग सिमेंटचे खांब आले, त्यामागून सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती आल्या. पहिल्या भिंती कमरेएवढ्या होत्या. मग त्या खांद्यापर्यंत आल्या. आता त्या डोक्याच्या वर गेल्या आहेत आणि त्यांवर काचांचे तुकडे बसवलेले असतात.

या बाबतीत इतरांना उपदेश करण्यापूर्वी आम्हांला स्वतःचा गुन्हा कबूल करणे भाग आहे. आमच्या घराच्या उत्तरेला, शेजारच्या आप्पांच्या आणि आमच्या परसाच्या मध्ये, आजोबांच्या काळातील वई होती. भेंडाचे खांब जिवंत होऊन त्यांची झाडे झाली होती आणि मधल्या जागेत कोयनेल दाटला होता. पालापाचोळा पडतो, त्यात जनावर शिरते, दरवर्षी छाटायला माणूस मिळत नाही, अशी कारणे काढून आम्ही ती उपटली. खरे कारण असे की वाड्यावरील सर्वांनी भिंती बांधल्या होत्या आणि आमच्याच घराला काट्याकुट्यांचे कुंपण असणे आम्हांस कमीपणाचे वाटू लागले होते. चार इंची ठोकळ्यांची, सहा फूट उंचीची, मध्ये एकही खांब नसलेली भिंत आम्ही उभी केली आणि तिला पांढरा रंग दिला. आमच्या परसातील पाणी पूर्वी वईतून झिरपून आप्पांच्या पोफळींत आणि तेथून ओहोळात जात असे. आता ते भिंतीपाशी तुंबू लागले. पहिल्याच पावसाळ्यात ते दिसले. आम्ही पाहिले आणि सोडून दिले.

१६ मे २०२१, रविवार. दक्षिणेकडून वारा उठला होता, पाऊस कोसळत होता. सकाळी केव्हातरी मोठा आवाज झाला. बाहेर येऊन पाहतो तो भिंतीचा तीस-पस्तीस फुटांचा तुकडा सबंधच्या सबंध पलीकडे पडलेला. तो नेमका आप्पांच्या विहिरीजवळ, कपडे धुण्याच्या दगडावर पडला होता. रोज सकाळी त्या वेळी काकी त्या दगडापाशी असतात. त्या दिवशी वादळामुळे त्या घरातून बाहेर पडल्या नव्हत्या, इतकेच. आम्ही धावत गेलो. काय बोलावे ते सुचेना. आप्पा पडलेल्या भिंतीकडे बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, “भाई, वाऱ्याक वाट जाय.” वाऱ्याला वाट हवी. राग नाही, टोमणा नाही. ज्या माणसाने सत्तर पावसाळे पाहिले त्याने सांगितलेली एक साधी गोष्ट.

पुढे आम्ही या गोष्टीचा शोध घेतला तेव्हा आप्पांचे वाक्य आणि अभियंत्यांचे गणित एकच आहे असे आढळले. ताशी ५० किलोमीटर वेगाचा वारा सपाट भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १२ किलो वजनाइतका दाब देतो. वेग दुप्पट होऊन १०० किलोमीटर झाला तर दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे सुमारे ४७ किलो. दहा मीटर लांब आणि १.८ मीटर, म्हणजे सहा फूट, उंच भिंत घेतली तर तिच्यावर एकाच वेळी साडेआठशे किलोंचा भार आडवा येतो. चार इंच रुंदीची भिंत उभी राहते ती स्वतःच्या वजनावर. वरून येणारे वजन ती पेलते. बाजूने येणारा धक्का पेलण्यासाठी तिच्याकडे रुंदी नसते. आणि उंची फूटभर वाढवली की वाऱ्याला धरायला पृष्ठभाग वाढतो आणि उलथवायला तरफही लांबते. गवंड्याच्या त्या निरागस प्रश्नात एवढे सगळे दडलेले असते.

दुसरी गोष्ट याहून आश्चर्याची आहे. भरीव भिंत वारा अडवते असे आपण समजतो. ती अडवीत नाही, उडी मारायला लावते. भिंतीवरून उसळलेला वारा पलीकडे भोवरे करीत खाली कोसळतो आणि भिंतीआडची केळ मोडून टाकतो. याउलट जी वई निम्मी दाट आणि निम्मी मोकळी असते ती वाऱ्याला आपल्या अंगातून जाऊ देते आणि जाताना त्याचा जोर काढून घेते. अशा वईच्या उंचीच्या दहा पट अंतरापर्यंत आणि त्याही पलीकडे वारा मंदावलेला आढळतो. पाच फूट उंचीची चांगली वई पन्नास फुटांपर्यंतच्या परसाला आडोसा देते. समुद्रकाठच्या बागायतदाराने सुरूची आणि उंडीची रांग लावली ती याच अनुभवावर. त्याने हवेच्या गतीचे शास्त्र वाचले नव्हते. वाऱ्याची खोड मात्र त्याला ठाऊक होती.

वाऱ्याइतकाच मोठा शत्रू म्हणजे पाणी. गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. हे पाणी डोंगरातून, कुळागरांतून, परसांतून, शेतांतून खाडीकडे जात असते. जुना गडगा त्याला आडवा येत नसे, कारण दगडांच्या फटींतून ते निघून जाई. बंद भिंत आडवी येते. भिंतीच्या एका बाजूला एक मीटर पाणी साचले तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर अर्ध्या टनाचा रेटा येतो; दीड मीटर साचले तर तो एक टनाहून अधिक होतो. शिवाय पायाखालची तांबडी माती भिजून मऊ होते. वरून वारा, मागून पाणी, खाली चिखल अशा तिहेरी संकटात भिंत सापडते आणि ती पडते. आपण म्हणतो, वादळाने पाडली. वास्तविक ती बांधली त्याच दिवशी अर्धी पडलेली असते.

आणि ती पडते कोणावर, हा या विषयातील सर्वांत गंभीर प्रश्न आहे. २९ जून २०१९ रोजी पुण्याच्या कोंढव्यात मुसळधार पावसात एका इमारतीची संरक्षक भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण मृत्युमुखी पडले. त्यात लहान मुलेही होती. तीनच दिवसांनी, २ जुलैच्या मध्यरात्रीनंतर, मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात अशीच एक भिंत डोंगरउतारावरील झोपड्यांवर कोसळली. त्या दुर्घटनेत वीसहून अधिक माणसे गेली. ती भिंत त्या माणसांनी बांधलेली नव्हती. ती त्यांच्यासाठी बांधलेली नव्हती. बांधली असलीच तर त्यांना दूर ठेवण्यासाठी. त्यांचा तिच्याशी संबंध एवढाच की ती पडली तेव्हा ते तिच्या पलीकडच्या बाजूला निजले होते. ‘कुंपणच शेत खाते’ ही म्हण आपण भ्रष्ट रखवालदारांसाठी वापरतो. पण ती अक्षरशः खरी कशी होते, हे या दोन रात्रींनी दाखवले.

आपली गावे पुणे-मुंबईसारखी दाटीवाटीची नाहीत, म्हणून आपण निर्धास्त राहावे असे मुळीच नाही. आपल्याकडेही भिंतीला लागून पायवाट असते, पायवाटेने शाळेची मुले जातात. भिंतीला टेकून गाडा उभा राहतो. भिंतीच्या आडोशाला परप्रांतीय मजूर आपली खोपटी घालतात. आमच्या भिंतीच्या पलीकडे काकींचा धुण्याचा दगड होता.

मग नवे कुंपण उभारताना करावे काय? आमची पहिली सूचना अशी की, गवंड्याला बोलावण्यापूर्वी शेजाऱ्याला बोलवावे. जमिनीचा नकाशा आणि एक-चौदाचा उतारा समोर ठेवून मेर कुठे आहे ते दोघांनी पाहावे आणि कुंपण कसे असावे हे दोघांनी ठरवावे. वीतभर जागेसाठी न्यायालयात पिढ्या घालवलेली घराणी प्रत्येक गावात आहेत. त्यांतल्या बऱ्याच कज्ज्यांचे मूळ न विचारता रात्रीत उभ्या राहिलेल्या भिंतीत सापडेल. पंचायतीचा परवाना आवश्यक आहे तो घ्यावा. कुंपणाच्या ओळीत मोठा वृक्ष असेल तर तो तोडण्यापूर्वी १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. पण त्याहून चांगला मार्ग म्हणजे कुंपणालाच त्या वृक्षापाशी थोडे वळण देणे.

दुसरी गोष्ट पाण्याची. पावसाळ्यात एक दिवस छत्री घेऊन परसात उभे राहावे आणि पाणी कुठून येते, कुठे जाते ते पाहून ठेवावे. पाण्याची ती वाट कोणत्याही कारणाने बुजवू नये. तिसरी गोष्ट, खालचा दोन फुटांचा भाग चिऱ्यांचा असावा आणि वरचा भाग मोकळा असावा. चिरा हा आपल्या भूमीचाच दगड. फ्रान्सिस बुकॅनन यांनी मलबारात तो प्रथम पाहिला आणि १८०७ मध्ये त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले, ते लॅटिन भाषेतील विटेच्या शब्दावरून. कारण खाणीत तो मऊ असतो, कापता येतो आणि वारा लागला की कठीण होतो. या मातीत, या पावसात राहायचे कसे हे त्याला निराळे शिकवावे लागत नाही. दोन फुटांच्या गडग्याने गुरे आणि डुकरे अडतात, माती धरून राहते. आणि तो ढासळला तरी कोणाच्या जिवावर बेतत नाही, चार दगड पुन्हा रचले की काम भागते.

ज्यांना रस्त्याच्या धुळीमुळे, गोंगाटामुळे किंवा अन्य कारणाने भिंतच हवी आहे त्यांनी ती बांधावी. आम्ही तिला पाप म्हणत नाही. पण ती घट्ट जमिनीपर्यंत पाया नेऊन, दर आठ-दहा फुटांवर खांब देऊन, तळाशी पाच-सहा फुटांच्या अंतराने पाणी जाण्यासाठी भोके ठेवून आणि वरचा अर्धा भाग जाळीच्या विटांचा करून बांधावी. खांब रोवून तार किंवा जाळी लावायची असेल तर खांबाच्या लांबीचा निदान तिसरा हिस्सा जमिनीत असावा आणि कोपऱ्याच्या खांबांना तिरका टेकू द्यावा. वारा कुंपण फोडतो ते प्रथम कोपऱ्यात. लाकडी खांब कुजतो तो वरही नाही आणि खालीही नाही. जेथे माती आणि हवा भेटते तेथे कुजतो. तेवढा भाग जाळून काळा करून डांबर लावण्याची जुनी रीत अजूनही उपयोगाची आहे.

लोखंडाविषयी विशेष सावध राहिले पाहिजे. समुद्रापासून जवळ असलेल्या घरी हवेतले मीठ दिवसरात्र काम करीत असते. सिमेंटच्या खांबातील सळईला गंज चढला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा घेतो आणि आतून खांब फोडतो. बाहेरून उभा दिसणारा खांब हातात ढलपी देतो तो यामुळे. म्हणून सळईवर सिमेंटचा थर जाड असला पाहिजे, काँक्रिट घट्ट असले पाहिजे आणि वाळू समुद्राची नसली पाहिजे. दहा-वीस पैसे वाचवण्यासाठी किनाऱ्यावरची खारी वाळू मिसळणारा कंत्राटदार घरमालकाच्या हाती एक लपलेली वादळाची तारीख देऊन जातो.

तारेच्या कुंपणाच्या बाबतीत आणखी एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. वादळात विजेची वाहिनी तुटून कुंपणाच्या तारेवर पडली तर त्या कुंपणाची सगळी लांबी जिवंत होऊ शकते. वाहिनी पडली चार घरे पलीकडे आणि धक्का बसला तुमच्या फाटकाशी, असे घडणे शक्य आहे. म्हणून वादळानंतर वीज खात्याच्या माणसाने निर्वाळा देईपर्यंत तारेला आणि जाळीला हात लावू नये, मुलांना आणि गुरांना तिकडे फिरकू देऊ नये. जिवंत वईला हा धोका फार कमी आहे, पण पडलेल्या तारेपासून तेथेही दूरच राहावे.

आता जिवंत वईविषयी. तिचे दोष आम्ही झाकणार नाही. तिला दोन-तीन पावसाळे द्यावे लागतात. तिला वर्षातून दोनदा छाटावी लागते. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना गंभीर इजा होते आणि मोगली एरंडाच्या बिया मुलांनी खाल्ल्या तर विषबाधा होते. म्हणून लहान मुले असलेल्या घरी ही दोन्ही झाडे लावू नयेत. तेथे जास्वंद, मेंदी, कोयनेल, अडुळसा लावावा. जनावराची भीती खरी आहे; पण बुडाशी पालापाचोळा साचू दिला नाही तर वईत जितके साप असतात त्याहून अधिक पडलेल्या ठोकळ्यांच्या ढिगात असतात. ज्यांची घरे वर्षभर बंद असतात आणि ज्यांची मुले मुंबईला, आखातात किंवा पोर्तुगालला आहेत, त्यांच्यापाशी छाटणीला माणूस नाही, हीही अडचण खरी आहे. पण बंद घराची भिंत रंगवायला आणि पडली तर उचलायला तरी माणूस कुठे असतो? वईचा एक गुण असा की वादळाने ती झोपली तरी मरत नाही. पुढच्या पावसात ती पुन्हा फुटते. सिमेंटच्या पिशवीत हा गुण अद्याप कोणी भरलेला नाही.

आणि उन्हाचे काय? चैत्र-वैशाखात दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा येतो आणि रात्री जमिनीकडून मतलई सुटतो. कौलारू घर, ओटा, बाल्कांव, समोरचे तुळशीवृंदावन, ही सगळी मांडणी या दोन वाऱ्यांच्या भरवशावर केलेली आहे. घरासमोर सहा फुटांची भिंत उभी केली की खारा वारा छपरावरून निघून जातो, भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री ती ऊब अंगणात सोडते. मग आपण पंखा लावतो, पुढे वातानुकूलन यंत्र घेतो आणि वीजबिल पाहून सरकारला नावे ठेवतो. अंगणात खुर्ची टाकून बसावे आणि रस्त्याने जाणाऱ्याने “कसे आहात?” म्हणून विचारावे, हा गोव्याच्या संध्याकाळचा जुना शिरस्ता. उंच भिंतीच्या आत बसणाऱ्याला कोणी काही विचारीत नाही. पुढे तोही कोणाला काही विचारीनासा होतो.

पंचायतींनीही या बाबतीत थोडे मनावर घ्यावे. कुंपणाच्या भिंतीचा परवाना देताना उंची आणि सीमा पाहिली जाते. तिच्यातून पाणी कुठून जाणार आणि ती पडली तर कोणावर पडणार, हे दोन प्रश्नही अर्जावर विचारले जावेत. मे महिन्यात सचिवाने आणि पंचांनी एकदा गावातून फेरी मारावी, रस्त्याकडेला झुकलेल्या, तडकलेल्या भिंतींची यादी करावी आणि मालकांना पाऊस पडण्यापूर्वी कळवावे. पावसानंतर पंचनामा करण्यापेक्षा हे काम स्वस्त आहे. वनमहोत्सवात रोपे वाटली जातात तेव्हा फळझाडांच्या जोडीला वईची रोपे आणि फांद्याही वाटल्या जाव्यात. शाळेतील मुलांना आपल्या गावातील वईची दहा झाडे ओळखायला शिकवावे. यातील एकाही गोष्टीला दिल्लीहून निधी यावा लागत नाही.

आमच्या घरी आम्ही पडलेली भिंत पुन्हा बांधली नाही. जी उभी राहिली होती तीही पाडली. त्या जूनमध्ये मृग लागला तेव्हा आप्पांनी स्वतः कोयनेलच्या फांद्या कापून दिल्या, आमच्याकडून दोन फुटांचा गडगा रचून घेतला आणि पाण्याच्या वाटेवर तीन ठिकाणी दगड मुद्दाम सैल ठेवायला लावले. पहिले वर्ष कुंपण केविलवाणे दिसले, येणारेजाणारे विचारीत, “काम अर्धवट का राहिले?” आज ते छातीएवढे झाले आहे. पाणी पूर्वीसारखे आप्पांच्या पोफळींत जाते. विहिरीजवळच्या दगडावरून काकी आमच्या घरात आवाज देतात, आणि तो ऐकू येतो. मधल्या वर्षांत तो येत नव्हता, हे आम्हांला तो पुन्हा येऊ लागला तेव्हा समजले.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे म्हणतात. माणसाचा विचार तरी कुंपणाच्या पलीकडे चार पावले जावा, एवढीच अपेक्षा आहे. तेथेही कोणीतरी राहत असते. येत्या पावसापूर्वी गवंडी दारात येऊन तो ठरलेला प्रश्न विचारील तेव्हा वाचकांनी क्षणभर थांबावे, आणि आधी शेजाऱ्याला हाक मारावी.